मोबाइल डेटावर व्हॉट्सअ‍ॅप अडकतं तेव्हा: घड्याळ, एक टिक आणि उशिरा येणारे मेसेज

‘नेट चालू आहे, पण मेसेज जात नाही.’ ‘अ‍ॅप उघडलं की सगळे मेसेज एकदम धडाधड येतात, तोवर एकही येत नाही.’ ‘संध्याकाळ झाली की फोटो नुसते फिरत बसतात.’ मुंबईत या तीन तक्रारी सतत ऐकू येतात आणि तिन्हींवर लोक एकच इलाज करतात, तो म्हणजे मोठ्या पॅकचं रिचार्ज. पैसे जातात, अडचण तशीच राहते. मजकुराच्या मेसेजला लागणारा डेटा इतका थोडा असतो की रोज १ जीबी मिळणाऱ्यालाही तो आयुष्यात कमी पडू नये. मेसेज अडकतो त्याचं कारण जवळपास नेहमी दुसरीकडे असतं, आणि ते नेमकं कुठे आहे हे मेसेजखालचं छोटं चिन्हच सांगतं. पॅकला हात लावण्याआधी ते बघा.

घड्याळ दिसत असेल तर मेसेज तुमच्या फोनमधून बाहेरच पडलेला नाही. शोध तुमच्या पॅकमध्ये, नेटवर्कमध्ये किंवा फोनच्या सेटिंगमध्ये घ्यायचा. एक करडी टिक आली म्हणजे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरपर्यंत पोचला. आता समोरच्याचा फोन बंद असेल, त्याला नेट नसेल किंवा त्याचा पॅक संपला असेल. तुमच्या फोनवर काहीही खटपट करून उपयोग नाही. दोन करड्या टिक म्हणजे मेसेज समोरच्या फोनवर उतरला. निळ्या टिकवरून काही ठरवू नका, कारण ती सेटिंग कोणालाही बंद करता येते. आणि पाठवणाऱ्याकडे बराच वेळ एकच टिक होती, तुम्ही अ‍ॅप उघडताच दोन झाल्या, असं वारंवार होत असेल तर तुमचा फोन व्हॉट्सअ‍ॅपला पाठीमागे झोपवतो आहे. तो वेगळा आजार आहे, त्याचे उपाय खाली आहेत.

घड्याळ हलत नाही

वाय-फाय बंद करा, फक्त मोबाइल डेटा ठेवा आणि ब्राउझरमध्ये आधी कधीही न उघडलेलं एखादं हलकं पान उघडून बघा. चाचणीसाठी यूट्यूब लावू नका. आधी उतरवून ठेवलेला व्हिडिओ नेट गेल्यावरही काही वेळ चालत राहतो आणि नेट आहे असा समज होतो.

पान उघडलं नाही तर सर्वात आधी पॅक तपासा. एअरटेलला *१२१#, व्हीआयला *१९९# लावा. जिओवर १२९९ ला फोन केला की शिल्लक एसएमएसने येते. इथे तीन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली, मूळ पॅकची मुदत. महिन्याचा म्हणून घेतलेला पॅक बहुधा २८ दिवसांचा असतो, त्यामुळे संपण्याची तारीख दर महिन्याला मागे सरकत जाते. मूळ पॅक संपला की वर घेतलेला डेटाचा छोटा पॅक शिल्लक दिसत असला तरी चालत नाही, कारण असे बहुतेक छोटे पॅक मूळ पॅकच्या आधारावरच चालतात. ‘कालच डेटा मारला आणि आज बंद’ असं कोणी म्हटलं की आधी मूळ पॅकची तारीख बघावी.

दुसरी, फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम दुरुस्त केल्यावर जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी डेटा नसलेले पॅक आणले. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी स्वस्त म्हणून दुकानदार ते मारून देतो. मग घरात वाय-फायवर आजीचं व्हॉट्सअ‍ॅप छान चालतं आणि ती भाजी आणायला खाली उतरली की बंद पडतं. फोन बिघडलेला नसतो, पॅकमध्ये डेटाच नसतो. रिचार्ज करताना दुकानदाराला ‘नेटसकट का?’ हे तोंडाने विचारून घ्यावं. ‘फक्त व्हॉट्सअ‍ॅपचा पॅक द्या’ असं मागणारेही अजून भेटतात. तसे पॅक पूर्वी होते. पण ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमाने एका अ‍ॅपला एक दर आणि दुसऱ्याला वेगळा असं करायला मनाई केली आणि ते गेले. आता चॅटपुरता डेटा हवा असेल तर कमी जीबीचा साधा पॅकच घ्यावा लागतो, आणि चॅटपुरता तो भरपूर होतो.

तिसरी, नंबरावर डेटाच बंद केलेला असणं. १९२५ वर स्टॉप असा एसएमएस गेला की डेटा थांबतो. स्टार्ट पाठवला की पुन्हा सुरू होतो. हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.

पॅक ठीक असूनही पान उघडत नसेल तर एपीएन, म्हणजे फोनला कंपनीच्या नेटशी जोडणारी सेटिंग, बघा. नंबर पोर्ट केल्यावर, नवीन सिम घातल्यावर किंवा परदेशातून आणलेल्या फोनवर हे हमखास बिघडतं. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क, त्यात सिम निवडून अ‍ॅक्सेस पॉइंट नेम्स. जिओसाठी जिओनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, व्हीआय प्रीपेडसाठी डब्ल्यू हे अक्षर तीनदा. सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. युझरनेम आणि पासवर्ड रिकामे ठेवा. एपीएन प्रोटोकॉल या ओळीत आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असा दोन्हींचा पर्याय निवडा. नुसता एकच ठेवला तर काही नेटवर्कवर जोडणी अडू शकते. हाताने भरण्याचा कंटाळा असेल तर त्याच पानावर तीन ठिपक्यांत ‘रीसेट टू डिफॉल्ट’ असतं, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. जतन केल्यावर त्या एपीएनसमोरचं गोल बटण निवडलेलं आहे ना, तेही बघा.

पान उघडलं पण व्हॉट्सअ‍ॅप हलत नसेल तर अडवणूक अ‍ॅपपुरती आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा आयकॉन दाबून धरा, अ‍ॅप इन्फोमध्ये जा आणि मोबाइल डेटा या भागात परवानगी आहे का ते बघा. काही फोनमध्ये डेटा वाचवण्याचा सल्ला देणारी खिडकी येते, तिथे चुकून ‘हो’ दाबलं की अ‍ॅपचा मोबाइल डेटा बंद होतो आणि ते फक्त वाय-फायवर चालतं. आयफोनवर सेटिंग, मोबाइल डेटा, खाली अ‍ॅपची यादी, तिथलं व्हॉट्सअ‍ॅपसमोरचं बटण हिरवं हवं.

फोनची तारीख आणि वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा. बॅटरी पूर्ण उतरून फोन सुरू झाला की जुन्या फोनमध्ये तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित जोडणीच होत नाही. प्रायव्हेट डीएनएसमध्ये जाहिराती रोखण्यासाठी कोणी एखादा पत्ता भरून दिला असेल तर तो काढून ऑटोमॅटिक करा, व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. फोनची जागा भरली असेल तर मेसेज येतात पण फोटो उतरत नाहीत. १ जीबी तरी मोकळी ठेवा. आणि अँड्रॉइड ५.० च्या आधीचा फोन असेल तर यातलं काहीच लागू पडणार नाही, त्यावर व्हॉट्सअ‍ॅपचा आधार जानेवारी २०२५ पासून संपला आहे.

स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना मेसेज अडकला तर एकदा वरच्या पट्टीकडे नजर टाका. तिथे वाय-फायचं चिन्ह असेल तर फोन स्टेशनच्या रेलवायर या सार्वजनिक वाय-फायला चिकटलेला आहे. मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये ही सोय सुरू झाली आणि नंतर इतर स्टेशनांवर पसरली. आधी कधीतरी जोडलेला फोन पुढच्या वेळी आपोआप जोडला जातो, पण नंबर आणि ओटीपी टाकेपर्यंत नेट मिळत नाही. फोन मात्र वाय-फाय आहे म्हणून मोबाइल डेटा वापरत नाही. वाय-फाय बंद करा किंवा त्या नेटवर्कवर ‘फरगेट’ करा. मॉल आणि विमानतळावरही हेच होतं.

संध्याकाळी मंदावणारं व्हॉट्सअ‍ॅप

रोजच्या १ किंवा १.५ जीबीच्या पॅकमध्ये कोटा संपला की नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. हा आकडा समजून घेतला तर अर्धा त्रास कमी होतो. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. मजकुराचा मेसेज, त्याच्या वेष्टनासकट, साधारण १ ते २ केबी. म्हणजे या वेगातही तो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जायला हवा. एक मिनिटाचा आवाजाचा मेसेज सव्वाशे केबीच्या आसपास, त्याला १५ सेकंद. नेहमीच्या दर्जाचा दीडशे केबीचा फोटो २० सेकंदांत. एचडी निवडून पाठवलेला दीड एमबीचा फोटो तीन मिनिटांहून जास्त. आणि कोणीतरी ग्रुपवर टाकलेला १६ एमबीचा व्हिडिओ उतरायला अर्ध्या तासाहून अधिक.

मग साधा मेसेजही का अडकतो? कारण त्या ८ केबीच्या वाटेवर व्हॉट्सअ‍ॅप एकटं नसतं. फोटोंचा बॅकअप, प्ले स्टोअरचे अपडेट, इन्स्टाग्राम, बातम्यांची अ‍ॅप आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्येच आपोआप उतरू पाहणारे व्हिडिओ, सगळे एकाच वेळी त्या अरुंद वाटेत घुसतात. तुमचा ‘निघालो’ त्या गर्दीत मागे उभा राहतो. म्हणून कोटा संपल्यावर नवा पॅक घेण्याआधी ही वाट मोकळी करा.

अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट किंवा कनेक्शन्स, त्यात डेटा सेव्हर चालू करा. त्याच पानावर अनरिस्ट्रिक्टेड डेटाची यादी असते, त्यात फक्त व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल प्ले सर्व्हिसेस ठेवा. आता पाठीमागचं बाकी सगळं थांबतं आणि उघडलेलं अ‍ॅप सोडून कोणीही डेटा ओढत नाही. आयफोनवर मोबाइल डेटाच्या पर्यायांत लो डेटा मोड आहे, तो चालू करा. मग व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फिरत बसलेले फोटो-व्हिडिओ एकेक उघडून फुलीवर दाबून थांबवा. एवढं केलं की रात्री बारापर्यंत मजकूर आणि आवाजाचे मेसेज व्यवस्थित चालतात. व्हिडिओ कॉलची आशा ठेवू नका.

बारा वाजता नवा कोटा लागतो. तरीही वेग वाढला नाही तर एरोप्लेन मोड १५ सेकंद चालू ठेवून बंद करा, म्हणजे फोन नव्याने जोडणी घेतो.

कोटा संध्याकाळपर्यंत संपूच नये असं वाटत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा उघडा. मीडिया ऑटो-डाउनलोडमध्ये ‘मोबाइल डेटा वापरताना’ या ओळीवर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट या चारही खुणा काढा. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, गाववाल्यांचा ग्रुप आणि डोंबिवली फास्टचा ग्रुप मिळून सकाळी सात ते नऊमध्ये जे काही येतं, ते न बघता उतरवण्यात डेटाही जातो आणि फोनची जागाही. आवाजाचे मेसेज या खुणा काढल्या तरी आपोआप उतरतात, ते थांबत नाहीत. चॅट्समध्ये चॅट बॅकअप उघडून ‘मोबाइल डेटावर बॅकअप’ बंद करा. व्हिडिओसकट बॅकअप काही जीबींचा असू शकतो आणि एका रात्रीत कोटा खाऊन टाकतो. स्टोरेज अँड डेटामध्येच नेटवर्क युसेज आहे. तिथे व्हॉट्सअ‍ॅपने खरोखर किती पाठवलं, किती घेतलं हे कॉल, मीडिया, स्टेटस असं वेगवेगळं दिसतं. बहुतेकांच्या फोनवर मेसेजचा आकडा सर्वात लहान आणि मीडिया किंवा स्टेटसचा सर्वात मोठा निघतो. त्याच्या शेजारी फोनच्या सेटिंगमधला अ‍ॅपनिहाय डेटा उघडा. कोटा व्हॉट्सअ‍ॅपने संपवला की रील्सने, याचं उत्तर तिथे लगेच मिळतं.

खिडकीत चालतं, स्वयंपाकघरात नाही

ही तक्रार ५जी आल्यापासूनची आहे आणि उंच इमारतींत जास्त आहे. जिओ आणि एअरटेलच्या ठरावीक पॅकवर, जुलै २०२४ पासून मुख्यतः रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या, ५जी अमर्याद मिळतं. पण ती अमर्यादता ५जीपुरतीच. फोन ४जीवर उतरला की रोजचा कोटा मोजला जातो. ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी भिंती आणि धातूचा थर दिलेल्या काचा भेदायला कच्च्या असतात. त्यामुळे हॉलच्या खिडकीशी ५जी असतं, आतल्या खोलीत फोन ४जीवर जातो. दिवसभरात आत बसून ४जीचा कोटा संपवला, की संध्याकाळी खिडकीत सगळं सुसाट आणि स्वयंपाकघरात ६४ केबीपीएस. बीकेसी आणि लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांतही हाच प्रकार.

ओळखायचं कसं? फोटो अडकलेला असताना वरच्या पट्टीत ५जी लिहिलंय की ४जी, ते बघा, आणि त्याच क्षणी कोटा तपासा. ४जी आणि कोटा शून्य असेल तर निदान झालं. त्या खोलीत फोन सारखा ५जी-४जी करत असेल तर प्रत्येक बदलात जोडणी काही क्षण तुटते आणि बॅटरीही जास्त जाते. अशा जागी पसंतीचं नेटवर्क ४जी ठेवावं आणि वर सांगितलेला डेटा सेव्हर लावावा. चॅटला ५जीच्या वेगाची गरज नाही, स्थिर जोडणीची आहे.

दांड्या पूर्ण, नेट शून्य

विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटी, गर्दीच्या वेळी दादर आणि कुर्ल्याचे पूल, सामना सुटल्यावरचं चर्चगेट. अशा जागी चारही दांड्या दिसतात आणि मेसेजवर घड्याळ. दांड्या टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतोय एवढंच सांगतात; टॉवरकडे तुमच्यासाठी जागा आहे की नाही हे त्या सांगत नाहीत. सहाची विरार फास्ट समोर उभी असावी आणि दारात पाय ठेवायला जागा नसावी, तशी ती अवस्था असते.

यावर फोनमधलं कुठलंही सेटिंग कायमचा उपाय नाही, पण दोन-तीन गोष्टी चालतात. ५जीवर असाल तर ४जी करून बघा, ४जीवर असाल तर ५जी. एका थरात गर्दी असताना दुसरा मोकळा असू शकतो. दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं असेल तर डेटा त्यावर वळवा. फोटो पाठवायचा मोह टाळा, मजकूर लिहा आणि एकदाच पाठवा. तोच मेसेज पुन्हा पुन्हा टाकल्याने सगळे रांगेत जमतात आणि जागा मिळाली की एकदम जातात. महत्त्वाचं असेल तर सरळ एसएमएस करा. तो डेटाच्या वाटेने जात नाही आणि बहुतेक पॅकमध्ये रोजचे १०० एसएमएस असतातच, जे कोणी वापरत नाही.

लोकलमध्ये प्रश्न थोडा वेगळा असतो. धावत्या गाडीत फोन सतत एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो, आणि डबा धातूचा, माणसांनी भरलेला. भुयारी मेट्रो ३ मध्ये तर सिग्नल पूर्णच सुटू शकतो. एअरटेल आणि व्हीआयवर सिग्नल गेला की फोन आधी २जीवर घसरतो आणि परत वर यायला आळस करतो. वरच्या पट्टीत २जीचं ई अक्षर दिसत राहिलं आणि गाडी उघड्यावर आली तरी ते बदललं नाही, तर एरोप्लेन मोड १५ सेकंद. रोजच्या प्रवासात हे वारंवार होत असेल आणि तुमच्या फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये २जी बंद करण्याचा पर्याय असेल तर तो वापरून बघा. मात्र तुमच्या फोनवर व्होएलटीई, म्हणजे ४जीवरूनच साधा कॉल करण्याची सोय, चालू असल्याची खात्री आधी करा, नाहीतर साधे कॉलच बंद पडतील.

अ‍ॅप उघडल्याशिवाय मेसेज येत नाही

हा सगळ्यात चिवट प्रकार आहे, आणि यात पॅकचा काहीही संबंध नसतो. कारण समजलं तर उपाय आपोआप सुचतो.

स्क्रीन बंद असताना व्हॉट्सअ‍ॅप स्वतः जागं नसतं. अँड्रॉइडमध्ये गुगल प्ले सर्व्हिसेस गुगलच्या सर्व्हरशी एकच जोडणी सतत उघडी ठेवते. मेसेज आला की व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर गुगलला सांगतो, गुगल त्या जोडणीवरून फोनला ढुशी देतो आणि फोन व्हॉट्सअ‍ॅपला जागं करतो. आयफोनवर हेच काम अ‍ॅपलची जोडणी करते. या साखळीतली कुठलीही कडी तुटली की मेसेज सर्व्हरवर थांबून राहतो. तो हरवत नाही, ३० दिवसांपर्यंत तिथे असतो, पण तुम्ही अ‍ॅप उघडेपर्यंत येत नाही.

कडी तुटते बहुधा बॅटरी वाचवण्याच्या नादात. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून असलेला फोन अ‍ॅपना गाढ झोपवतो. तेवढ्याने व्हॉट्सअ‍ॅप अडत नाही, कारण गुगलची ढुशी त्यातून जाते. पण फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यावर आपापले थर चढवले आहेत आणि अडचण तिथे होते.

शाओमी, रेडमी, पोको: अ‍ॅप इन्फोमध्ये ऑटोस्टार्ट चालू करा, बॅटरी सेव्हरमध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. या दोन्ही गोष्टी लागतात. नुसती एक केली तर फोन रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा तेच. विवो, ओप्पो, रिअलमी: अ‍ॅप इन्फोमधल्या बॅटरीच्या भागात पाठीमागे चालण्याची परवानगी द्या आणि आपोआप सुरू होण्याचं बटण चालू करा. सॅमसंग: बॅटरीमध्ये ‘बॅकग्राउंड युसेज लिमिट्स’ उघडा, व्हॉट्सअ‍ॅप स्लीपिंग किंवा डीप स्लीपिंगच्या यादीत असेल तर काढा आणि ‘नेव्हर’ असलेल्या यादीत टाका. डीप स्लीपिंगमधलं अ‍ॅप उघडल्याशिवाय जागंच होत नाही. बाकी फोनवर बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा.

मग अ‍ॅप इन्फोमध्ये मोबाइल डेटा उघडून ‘बॅकग्राउंड डेटा’ चालू आहे ना ते बघा. हेच गुगल प्ले सर्व्हिसेससाठीही करा, ती कडी जवळजवळ सगळे विसरतात. डेटा वाचवायचा म्हणून कोणी प्ले सर्व्हिसेसचा बॅकग्राउंड डेटा बंद केला की व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल, बँकेचं अ‍ॅप, सगळ्यांच्या सूचना एकदम उशिरा यायला लागतात. सगळ्या अ‍ॅपच्या सूचना उशिरा येत असतील तर दोष तिथेच शोधावा. फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या येत असतील तर व्हॉट्सअ‍ॅपच्या परवानग्यांत.

डायलरमध्ये *#*#४२६#*#* लावलं की अनेक अँड्रॉइड फोनवर या जोडणीची माहिती देणारा पडदा उघडतो. ‘कनेक्टेड’ दिसलं तर गुगलपर्यंतची वाट ठीक आहे. वाय-फायवर कनेक्टेड आणि मोबाइल डेटावर तुटलेली असेल तर एपीएन, व्हीपीएन आणि डेटा सेव्हर या तीन जागा तपासा.

चालू अ‍ॅपच्या यादीतून व्हॉट्सअ‍ॅप सारखं वर ढकलून बंद करण्याची सवय सोडा. काही फोन तसं केल्यावर अ‍ॅप पूर्ण मारून टाकतात. ‘क्लीनर’, ‘बूस्टर’ नावाची अ‍ॅप हेच काम न विचारता करतात, ती काढून टाकलेलीच बरी. आणि ‘फोर्स स्टॉप’ दाबलं तर हाताने उघडेपर्यंत एकही सूचना येणार नाही.

कॉल चालू असताना चॅट थांबतं

दोन सिमच्या फोनमध्ये डेटा एका सिमवर आणि कॉल दुसऱ्यावर असेल तर बहुतेक फोनमध्ये कॉल संपेपर्यंत डेटा थांबतो. ‘कॉल चालू असताना डेटा आपोआप बदला’ असा पर्याय सिमच्या सेटिंगमध्ये असतो, तो चालू करा. मात्र कॉलच्या सिमवरही डेटा असायला हवा, आणि वापर त्या सिमच्या कोट्यातून जाईल हे लक्षात ठेवा. एकाच सिमवर कॉल आणि डेटा असून तरीही थांबत असेल तर व्होएलटीई बंद आहे. एअरटेल आणि व्हीआयवर ते नसलं की कॉलसाठी फोन २जीवर उतरतो आणि डेटा तुटतो. जुन्या स्वस्त फोनमध्ये दुसऱ्या खाचेत ४जी मिळतच नाही. डेटाचं सिम पहिल्या खाचेत घाला.

काय करू नये

अ‍ॅप काढून पुन्हा टाकणं हा पहिला उपाय म्हणून कोणी सुचवलं तर ऐकू नका. बॅकअप नसेल तर सगळी चॅट जाते, आणि अ‍ॅप पुन्हा उतरवायला त्याच मंद नेटवर बराच वेळ लागतो. ‘क्लिअर कॅश’ चालतं, ‘क्लिअर डेटा’ नाही. नेटवर्क सेटिंग रीसेट करणं उपयोगी आहे, पण त्यात वाय-फायचे सगळे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, म्हणून ते शेवटी. त्याच्याही आधी सिम काढून कोरड्या मऊ कापडाने पुसून परत बसवा. पावसाळ्यात भिजलेल्या खिशातल्या फोनवर एवढ्यानेही काम होतं.

कंपनीकडे तक्रार

सगळं करूनही ठरावीक जागी, ठरावीक वेळी नेट चालत नसेल तर दोष नेटवर्कचा आहे. त्याच कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन त्याच जागी लावून बघा. तोही अडला की तुमच्या हातात करण्यासारखं फक्त तक्रार करणं उरतं. १९८ ला फोन करा, तो फुकट आहे. ‘नेट येत नाही’ एवढंच सांगितलं तर फोन बंद करून चालू करा असं उत्तर मिळतं. त्याऐवजी पत्ता पिनकोडसकट, मजला, वेळ, वरच्या पट्टीत ४जी की ५जी, दुसऱ्या फोनवरही तेच झालं का, आणि ट्रायच्या मायस्पीड अ‍ॅपने त्या जागी मोजलेला वेग, हे सगळं सांगा. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर त्याच नंबराच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत दाद मागता येते. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तिथे थेट लिहून वेळ घालवू नका.

पोर्ट करायचं ठरवलंत तर आधी नव्या कंपनीचा नकाशा तिच्या वेबसाइटवर बघा. कुठे कोणतं नेटवर्क पोचतं हे दाखवणारे नकाशे कंपन्यांनी ठेवायचे असा ट्रायचा नियम आहे. नकाशा रस्त्यावरचं सांगतो, तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीचं सांगत नाही. म्हणून त्या कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याला किंवा पाहुण्याला त्या खोलीत बसवून, संध्याकाळी आठ ते दहाच्या गर्दीच्या वेळी, एक फोटो आणि एक आवाजाचा मेसेज पाठवायला सांगा. जमलं तर पोर्ट हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस करा. येणारा कोड मुंबईत चार दिवस चालतो, आणि मुंबई सर्कलमधल्या मध्येच पोर्ट व्हायला कामाचे तीन दिवस लागतात. बदलाच्या वेळी काही तास सिम बंद राहतं. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर तोच राहत असल्याने चॅटला धक्का लागत नाही. नवं सिम घातल्यावर एपीएन मात्र पुन्हा तपासा.